गफूरचाचा, तुमचा पाय तयार आहे

चाचा, तुम्ही मंगळवारी गेलात आणि तुमचा पाय शुक्रवारी तयार झाला. मधले दोन दिवस मी वर्कशॉपला फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी आले ती सरळ कामाला लागले, जणू तुम्ही जेवून येणार होतात आणि दारातूनच विचारणार होतात, "झाला का वं?" पट्टा मीच शिवला. टाके वाकडे आलेत. तुम्ही बघितले असते तर उसवून माझ्यापुढे टाकले असते.

आता तो माझ्या टेबलावर उभा आहे. डावा, गुडघ्याखालचा, रबरी पावलाचा. मागची कड जराशी खाली उतरवलेली, कारण तुम्हाला नमाजाला खाली बसायचं होतं. न नेलेला पाय मोडायचा आणि पाऊल नि पट्टे दुसऱ्याला लावायचे, हा तुमचाच नियम. पण मोडायला हात धजत नाही. चाचींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी घरी नेऊन काय करू बेटा? पाहत बसू का त्याच्याकडं?" त्यांचंही खरंच आहे.

तुमची नि माझी गाठ पडली ती माझ्या गरजेपोटी. मुंबईला कृत्रिम हातपाय बनवण्याचं शिक्षण संपत आलं होतं आणि शेवटचे सहा महिने कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं होतं. बरोबरीच्या पोरी मोठ्या इस्पितळांत लागल्या. माझी आई भद्रावतीला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये अंथरुणाला खिळलेली, म्हणून मी घराजवळची जागा मागितली आणि रोज एस्टीनं चंद्रपूरला येऊ लागले. दवाखान्याच्या मागचं पत्र्याचं शेड, आत प्लास्टरची धूळ, भट्टीत तापणारा, ज्यातून पायाची खोळ घडवायची तो पाण्याचा जाड प्लास्टिक पाइप, आणि कोपऱ्यात मांडी घालून चामडं शिवणारे तुम्ही. मला वाटलं, हे चांभारकाम करणारे गृहस्थ दिसतात, साहेब आत असतील. आत कोणी नव्हतंच.

नियमाप्रमाणे मला शिकवायला डिग्रीवाले मार्गदर्शक होते. ते नागपूरला राहायचे, महिन्यातून एकदा यायचे, चहा घ्यायचे आणि माझ्या लॉगबुकात सह्या करून दुपारच्या गाडीनं परत जायचे. माणूस वाईट नव्हता. चार जिल्हे एकट्याच्या गळ्यात, तो तरी काय करणार? उरलेला महिना तुम्ही होतात. तुमचं कागदावरचं पद होतं लेदर वर्कर. टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवणारं तुमचं घराणं. टांगे गेले, तेव्हा पोलिओच्या पोरांच्या पायाला बांधायच्या कॅलिपरचे पट्टे शिवायला तुम्ही इथे लागलात, आणि बघता बघता अख्खा पाय करायला लागलात.

पहिल्या दिवशी मी कडक इस्त्रीचा पांढरा कोट घालून आले होते. तुम्ही वर बघितलंत आणि खिडकीपाशी स्टूल सरकवलंत.

"इथी बस. पेशंट फाटकातून येते, दारापर्यंत चालते. त्याले पाय." तुमच्या बोलीत पाय म्हणजे बघ.

"आणि साचा कधी घ्यायचा?"

"आधी पाहाले शिक न. माणूस फाटकापासून दारापर्यंत सगळं सांगून देते. प्लास्टर काय सांगते?"

तीन आठवडे, चाचा! तीन आठवडे मी त्या स्टुलावर बसून लोकांची चाल बघत होते. मैत्रिणीला पत्रात लिहिलं होतं की इथला म्हातारा तऱ्हेवाईक आहे, मला चौकीदार करून ठेवलंय. तिसऱ्या आठवड्यात एक बाई फाटकातून आल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ह्यांचा पाय लांब झालाय." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "अर्धं बोट." आणि मग हातातली कॉपिंग पेन्सिल माझ्याकडे टाकलीत. ती जांभळी पेन्सिल, ओली झाली की शाईसारखी पक्की उमटणारी, तुम्ही जिभेला लावून ओली करायचात आणि पेशंटच्या हाडांवर खुणा करायचात. त्यावर ओलं प्लास्टर गुंडाळलं की खुणा साच्याच्या आतल्या बाजूला उतरत. तुमची जीभ कायम जांभळी. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी तुम्हाला हृदयाचं दुखणं आहे असं समजून बसले होते. डिग्रीचा परिणाम, दुसरं काय.

"इथी दाब, इथी सोड," एवढाच तुमचा अभ्यासक्रम. गुडघ्याच्या वाटीखाली दाब, बाजूच्या गोटीसारख्या हाडाला सोड. माझ्या पुस्तकात ह्यावर चाळीस पानं होती. ती पानंही खरी होती, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आताही म्हणते. आपलं भांडण इथंच तर होतं.

आणि ती शेवटची परीक्षा. पट्टे बांधून माणूस उभा राहिला, चालला, मी टाळ्या वाजवायच्या बेतात असायची आणि तुम्ही म्हणायचात, "आता बसून दाखव." जसा घरी बसतोस तसा. चुलीपुढं, बांधावर, देवापुढं. मला ते काही पटत नसे. पाय चालण्यासाठी असतो, असं मी मुंबईत शिकून आले होते.

मग सोमीबाई आल्या. तोवर मी पास होऊन तिथेच नोकरीला लागले होते आणि तुम्ही मुलीच्या लग्नासाठी बल्लारपूरला गेला होतात. धानोऱ्याच्याही पुढच्या जंगलातल्या गावची ती गोंड बाई. मी मापात तसूभर चूक केली नाही. असा सरळ पाय केला की नागपूरच्या साहेबांनी फोटो काढून नेला. चार महिन्यांनी ती परत आली, बांबूच्या काठीवर. पाय लुगड्याच्या तुकड्यात बांधून पाठीवर घेतलेला, लेकरासारखा. पाय नवाकोरा होता. मला मनातून राग आला की एवढं केलं आणि हिनं वापरलासुद्धा नाही.

तुम्ही तिला खाली बसायला सांगितलंत. ती बसू शकली नाही. मागची कड मांडीत रुतत होती.

"मोहा वेचाचा हाय, बाई," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "खाली बसता येत नाई."

"आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"कोणी इचारलं नाई."

तुम्ही उठलात. भट्टी पेटवलीत, कड तापवून खाली वळवलीत, आणि तिला उकिडवं बसवून जमिनीवरचे चार खिळे वेचायला लावलेत. ती हसली. मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं.

पण चाचा, डोमाजीभाऊंचं काय? तेही आज बोलायलाच हवं. तुम्ही गेलात म्हणून मी तुम्हाला देव करणार नाही. तुम्हालाच ते आवडलं नसतं. मूलच्या राइस मिलमधले हमाल, डोमाजीभाऊ. पाय तुम्ही केला होता. तुम्ही नेहमीसारखं बोटानं दाबत विचारलंत, "दुखते का?" ते म्हणाले, "नाई." परत दाबलंत, परत नाई. तुम्ही खूश झालात. त्यांना साखरेचा आजार होता, नसा मेलेल्या होत्या, दुखणार कुठून? दोन महिन्यांत आत जखम कुजली आणि त्यांचा गुडघाही गेला. त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडले. साऱ्या शेडसमोर ओरडले. म्हणाले, "हे पहिल्या वर्षाच्या पोरींना शिकवतात, चाचा. साखरेच्या पेशंटला दुखतं का विचारायचं नसतं, डोळ्यांनी बघायचं असतं! म्हणून लागतं शिक्षण!"

तुम्ही हातातली चामडं कापायची रापी खाली ठेवलीत.

"मले कोणी सांगतलं नाई न, मॅडम," एवढंच म्हणालात. रागावलात की मला मॅडम म्हणायचात. त्या दिवशी रागावला नव्हतात, तरी मॅडम म्हणालात. ते मला अजून लागतं.

कायदा दिल्लीत आधीच झाला होता. आपल्या पत्र्याच्या शेडपर्यंत त्याची चिठ्ठी यायला वर्षं लागली. नोंदणी असेल त्यानंच पेशंटला हात लावायचा. जुन्या माणसांसाठी एक वाट ठेवली होती: अनुभवाचे पुरावे द्या, थोडं प्रशिक्षण घ्या, नोंदणी मिळेल. मी आनंदानं फॉर्म भरायला बसले. तुमचं शिक्षण चौथी, ते कसंबसं चाललं असतं. पण पुरावा? आपण दोघांनी कपाटातली सगळी रजिस्टरं काढली. सगळे पाय तुमच्या हातचे आणि सगळीकडे नागपूरच्या साहेबांचं नाव. तुमचं नाव कुठेच नव्हतं. एका पानावरही नाही.

एकच कागद उरत होता, माझं लॉगबुक. त्यातल्या प्रत्येक केसखाली "प्रत्यक्ष मार्गदर्शन" म्हणून साहेबांची सही होती. मी दिल्लीला लिहून दिलं असतं की ह्या सह्या खोट्या आहेत, मला ह्या माणसानं शिकवलं, तर तुमचं काम कदाचित झालं असतं. पण मग माझे सहा महिने खोटे ठरत होते. माझी नोंदणी जात होती, कदाचित डिग्रीसुद्धा. मी लॉगबुक हातात धरून तुमच्यापुढं उभी राहिले, तेव्हा तुम्हाला सगळं कळलेलं होतं.

"ठेव ते पेटीत," तुम्ही म्हणालात. "वही फाटली त तू फाटशील. मग पेशंटले हात कोण लावन? मी त नाई, तू बी नाई."

मी ठेवून दिलं. तुम्ही म्हणालात म्हणून ठेवलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. तुम्ही म्हणाला नसतात तरी मी ठेवलंच असतं. तुम्ही ते ओळखलंत आणि मला नाही म्हणायचीही पाळी येऊ दिली नाहीत. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. रोज सकाळी चहा एकत्र घ्यायचो, विषय कितीदा जिभेवर यायचा, आणि मी साखरेबद्दल बोलायची. तुमच्या चहातल्या साखरेबद्दल! पुढे तुम्हालाही साखरेचा आजार निघाल्यावर तर मला विषय बदलायला आयतंच निमित्त मिळालं.

पुढची सगळी वर्षं तुम्ही खिडकीपाशी त्याच स्टुलावर बसून पट्टे शिवलेत. पेशंटला हात लावला नाहीत. लोक मला ओलांडून तुमच्याकडे जायचे आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायचात. "बाईकडं जा. मी शिवणारा हावो." मधूनच खिडकीतून चाल बघून पुटपुटायचात, "डाव्या बाजूले सोड दे थोडी," आणि मी ऐकलं न ऐकलंसं करून तेवढी सोड द्यायची. नागपूरला एकदा अभ्यासक्रमाच्या बैठकीला मला बोलावलं. मी म्हणाले, पोरांना आधी तीन आठवडे नुसती चाल बघायला लावा, आणि शेवटी पेशंटला घरी बसतो तसं बसवून बघायचं शिकवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकानं विचारलं की ह्याला मार्क किती ठेवायचे. ते तिथेच राहिलं.

आणि मग ती रिव्हेट.

पट्ट्याला मारायची एवढीशी रिव्हेट, तुमच्या चपलेतून वर आलेली. तुम्ही दिवसभर तिच्यावर चालत होतात. संध्याकाळी फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा मी एका लहान मुलीच्या कॅलिपरचं माप घेत होते. घाई होती, तिची एस्टी सुटणार होती. मी तिथूनच विचारलं, "चाचा, पायाला लागलं का? दुखतंय?"

"नाई बेटा. काई नाई."

आणि मी माझ्या कामाकडे वळले.

मी, चाचा. पांढऱ्या कोटातली, नोंदणीवाली. शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात तुम्हाला शिकवलं होतं की साखरेच्या माणसाला दुखतं का विचारायचं नसतं, डोळ्यांनी बघायचं असतं. मी विचारलं आणि तुमच्या "नाई"वर विश्वास ठेवला. तुम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. मला तर सगळं सांगितलेलं होतं. आठ दिवसांनी वास यायला लागला, तेव्हा मी चप्पल काढायला लावली. मग पाऊल गेलं, मग पोटरीही गेली. तुम्ही मला कधी टोमणासुद्धा मारला नाहीत. एक मारायला हवा होता.

तुमच्या घरच्यांनी कापलेला पाय कब्रस्तानात नेऊन रीतीप्रमाणे पुरला. मी दवाखान्यात भेटायला आले, तर तुम्हीच मला हसवायला निघालात. "एस्टीत रुमाल टाकतेत न बेटा, तसा पाय टाकून आलो. जागा धरून ठेवली." नर्सही हसली. मला हसावं लागलं.

जखम भरल्यावर साचा घ्यायला तुम्हाला शेडमध्ये आणलं. तेव्हा तुमच्या पायाजवळ नेलेला हात मी दोनदा मागे घेतला. तुम्ही खाटेवर टेकून बसला होतात. खिशातून ती पेन्सिल काढून जिभेला लावलीत आणि माझ्या हातात दिलीत.

"घाबरून काऊन राह्यली? गोटी शोध. हां. तिथी सोड. खाली दाब. अजून दाब, मी काय काच हावो?"

"दुखतं का?" माझ्या तोंडून सवयीनं निघालं. आपण दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

"इचारू नको," तुम्ही हळूच म्हणालात. "पाय."

मी बघितलं. बोटानं दाबून, कातडीचा रंग परत येतो का ते बघितलं. सगळीकडे बघितलं. तेवढं एकदा तरी मी बरोबर केलं. माफी तेव्हा मागायला हवी होती. पण प्लास्टर सुकायला लागलं होतं, आणि मी माझ्या भेकडपणाला नेहमीच कामाचं निमित्त देत आले.

सोमवारी तुम्ही निरोप पाठवलात की शुक्रवारी येतो, जुमा आहे, पाय घालूनच मशिदीत जाईन. मंगळवारी पहाटे हृदय थांबलं. साखर तिथेही पोचली होती.

बायकांनी कब्रस्तानात जायचं नसतं, म्हणून मी चाचींबरोबर घरात खिडकीपाशी होते. जनाजा गल्लीतून निघाला. मागून माणसं चालत होती, आणि त्यांत आपले लोक होते, चाचा. कुणी कोळशाच्या खाणीतला, कुणी मार्कंड्याहून पहिल्या गाडीनं आलेला. निरोप कुणी दिला कोण जाणे. मला रडू फुटत होतं, तरी डोळे त्यांच्या चालीवरच. हा चाचांच्या हातचा. हा माझा. हा चाचांचा. तुमचे मला पाठमोरेही ओळखू येत होते. एकाचा पाय अर्धं बोट लांब वाटला. त्याला बोलवून घ्यायला हवं.

आज तुमचं कार्ड पुरं करायला बसले. प्रत्येक पायाचं एक कार्ड असतं, तुम्हाला काय सांगायचं. वर रुग्णाचं नाव: अब्दुल गफूर. इतक्या वर्षांत ह्या वर्कशॉपमधल्या एखाद्या पायाच्या कागदावर तुमचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं, तेही पेशंट म्हणून. खाली बनवणाऱ्याचं नाव, तिथे माझं लिहिलं. त्याच्याखाली मार्गदर्शक. पेन सरेना. मग तुमची पेन्सिल घेतली, जिभेला लावली. कडू असते, कधी सांगितलं नाहीत. आणि लिहिलं: अब्दुल गफूर.

ह्यानं काही होणार नाही, मला ठाऊक आहे. ज्या कागदावर हे लिहायला हवं होतं तो अजून पेटीत तसाच आहे, आणि तो दिल्लीला पाठवायची हिंमत मला आजही नाही. तुमच्या तर काहीच उपयोगाचं नाही आता.

ऑफिसातल्या बाबूंनी कार्ड बघितलं. "मॅडम, एकच नाव दोनदा आलं. आणि खालचं चालत नाई. त्याइची नोंदणी कुठी हाये?"

"नाही," मी म्हणाले.

"मग खोडून देतो. पेन्सिलचंच तर हाये." त्यांनी खोडरबर घेतलं आणि घासलं. जाईना, तेव्हा बोटाला थुंकी लावून घासलं. ओलं झाल्याबरोबर अक्षरं होती त्याहून जांभळी झाली. बाबू बोट बघत बसले. मी कार्ड त्यांच्या हातातून घेतलं आणि तुमच्या पायाला बांधून ठेवलं.